पाणी किती हे विचारले; पाणी कसे, हे कोण विचारणार?

‘लॉबी’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा साखरेच्या नाहीतर बिल्डरांच्या शेजारी छापला जातो. त्यामुळे शब्दालाच एक वास चिकटला आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ साधा आहे. सरकारी निर्णय होण्याआधी, होताना आणि झाल्यावरही आपले म्हणणे संबंधित खुर्चीपर्यंत चिकाटीने पोहोचवत राहणे, इतकेच. हे काम कारखानदार करतात, व्यापारी करतात, कर्मचारी संघटना करतात. नफ्याचा हेतू न ठेवता पर्यावरणासाठी हेच काम करणाऱ्या संस्थाही महाराष्ट्रात आहेत. त्यांची पार्श्वभूमी नांदेड आणि लातूरच्या वाचकाने समजून घ्यावी, याला कारण वैद्यकीय आहे.

नांदेड जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग तेलंगणाला लागून आहे. किनवटच्या बाजूला गेले की दख्खनचा काळा पाषाण संपत जातो आणि त्याखालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. या खडकात फ्लोराइड असलेली खनिजे असतात. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकात मुरून राहते, तितके फ्लोराइड त्यात उतरते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी लहान मुलांच्या दातांवर पांढरे, मग पिवळे-तपकिरी डाग येतात. पुढे सांधे आखडतात, मान वळेनाशी होते, कणा ताठ होतो. उकिडवे बसणे, जात्यावर वाकणे, पाठीमागे वळून पाहणे हळूहळू बंद होते. बरेच रुग्ण ‘वाताचा त्रास’ म्हणून वेदनाशामक गोळ्या खात राहतात. गोळ्यांनी दुखणे तात्पुरते कमी होते; पुढे पोट आणि मूत्रपिंड बिघडते ते वेगळेच.

हाडांत एकदा पक्के बसलेले फ्लोराइड बाहेर काढणारे औषध नाही. चांगला आहार, दूध, डाळ, पालेभाज्या, पुरेसे कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व यांनी नुकसानीचा वेग कमी होतो, पण मूळ उपाय एकच: पाणी बदलणे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उकळताना पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड भांड्यातच राहते, म्हणजे प्रमाण किंचित वाढतेच. तुरटी फिरवून गाळ बसवल्यानेही काम भागत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत विकसित केली. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पण ती नीट चालवायला मोजमाप, माणूस आणि देखरेख लागते. या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या हातात नसतात, डॉक्टरच्याही नसतात.

म्हणजे या आजाराची चिठ्ठी दवाखान्यात लिहिली तरी औषध मिळते ते पाणीपुरवठा विभागात, जिल्हा परिषदेत आणि मंत्रालयात. तिथे ते औषध मागायला कोण जाणार, हा खरा प्रश्न आहे.

मराठवाड्याला मागण्या करता येत नाहीत, असे मुळीच नाही. १९७४चे विकास आंदोलन, गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदमापी रेल्वेसाठी आणि सिंचनाच्या अनुशेषासाठी केलेला पाठपुरावा, जायकवाडीच्या समन्यायी पाणीवाटपाची लढाई, ही सगळी दबाव निर्माण करण्याचीच उदाहरणे. २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातले समन्यायी वाटपाचे कलम कागदावरून धरणाच्या दारापर्यंत आणण्यासाठी किती सुनावण्या लागल्या, हे या भागातल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले, ते या चिकाटीमुळे.

त्याच वर्षी लातूरने वेगळी चिकाटी दाखवली. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. त्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. देशभर त्या रेल्वेची छायाचित्रे गेली. पण रेल्वेची वाट पाहत बसण्याऐवजी शहरातल्या लोकांनी ‘जलयुक्त लातूर’च्या नावाने वर्गणी गोळा करून मांजरा नदीचे पात्र खोल-रुंद करायला घेतले. त्यात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये डॉ. अशोक कुकडे यांच्यासारखे ज्येष्ठ डॉक्टर होते. डॉक्टरांनी दवाखान्याबाहेर पडून पाण्याच्या प्रश्नाला हात घालण्याचे हे जवळचे उदाहरण.

या सगळ्या लढ्यांत एक गोष्ट समान आहे. मराठवाड्याने नेहमी ‘पाणी किती’ हे विचारले. किती टीएमसी, किती वाघिणी, किती टँकर, धरणात किती टक्के. ‘पाणी कसे’ हा प्रश्न त्यामागे कायम दबून राहिला. तहानलेल्या माणसाला पाण्याची तपासणी सुचत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण भूजलाच्या बाबतीत हे दोन प्रश्न एकच आहेत. पाणी कमी पडते म्हणून बोअर खोल जाते. बोअर खोल गेले की ग्रॅनाइटच्या भागात फ्लोराइड वाढण्याचा धोका वाढतो. दुष्काळ टँकरने निघून जातो, त्याने मागे ठेवलेला आजार हाडांत राहतो.

यावर कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ साली विधिमंडळाने केला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरी आणि बोअर यांवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. राष्ट्रपतींची संमती मिळून तो राजपत्रात यायला २०१३चा डिसेंबर उजाडला. अंमलबजावणीच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला तो २०१८च्या जुलैत. म्हणजे कायदा झाल्यापासून नियमांच्या मसुद्यापर्यंत नऊ वर्षे. त्या नऊ वर्षांत जन्मलेल्या मुलांचे दुधाचे दात पडून पक्के दात आले. ज्या गावात फ्लोराइड आहे, तिथे त्या पक्क्या दातांवर डाग आले असतील, तर त्या फाइलीचा प्रवासही त्या डागांना जबाबदार आहे.

अशा फाइलींच्या मागे लागण्याचे शास्त्र महाराष्ट्रात ज्यांनी घडवले, त्यांत मुंबईच्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपचे नाव घ्यावे लागते. १९७०च्या दशकात मुंबईत बॅकबे भरावाविरुद्ध आवाज उठत होता, चेंबूरच्या हवेवरून तक्रारी होत होत्या आणि अलिबागजवळ मोठा खत कारखाना कुठे उभारायचा यावर वाद चालला होता. या वातावरणात १९७९ साली हा गट स्थापन झाला. श्याम चैनानी हे त्यातले प्रमुख नाव. ते शिक्षणाने अभियंते होते. मोर्चा आणि घोषणांपेक्षा पत्र, टिपण, नकाशा, हरकत, बैठक आणि शेवटचा उपाय म्हणून न्यायालय, हा या गटाचा मार्ग राहिला. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवायला सांगितले. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९९१मध्ये, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. त्या काळात दिल्लीपर्यंत अर्ज-निवेदनांचा रतीब घालणाऱ्यांमध्ये मुंबईचे हे लोक होते. पुढे महाबळेश्वर-पाचगणी २००१मध्ये आणि माथेरान २००३मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. खारफुटीच्या याचिकेवर २००५मध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीची तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला; अंतिम निकाल २०१८मध्ये आला. या तिन्ही गोष्टींमागे या गटाचा पाठपुरावा होता.

आरोग्याच्या दृष्टीने यातले सर्वांत बोलके उदाहरण डहाणूचे. तिथल्या औष्णिक वीज प्रकल्पाविरुद्ध स्थानिक संस्था आणि हा गट न्यायालयात गेले आणि १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. प्रकल्प उभा राहिला. पण त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. १९९६मध्ये संपादक बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देखरेखीसाठी प्राधिकरण नेमायला लावले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने १९९९मध्ये धुरातले गंधकाचे वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनीकडून टाळाटाळ होत राहिली. प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. अखेर २००७मध्ये यंत्रणा चालू झाली. सल्फर डायऑक्साइडने श्वासनलिका आकसतात. दम्याच्या रुग्णाला तो थोडाही सोसत नाही. डहाणूच्या हवेतला तो वायू कमी झाला, तो कुठल्याही श्वसनविकारतज्ज्ञाच्या औषधाने नव्हे. हरलेल्या दाव्यानंतर सोळा वर्षे लोक त्या विषयाला धरून राहिले, म्हणून.

दुसरे उदाहरण शेजारचे, आणि थेट फ्लोराइडचे. नलगोंडा आणि नांदेड एकेकाळी हैदराबाद संस्थानातले आणि १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातले जिल्हे. नलगोंड्यात फ्लोरोसिसने माणसे वाकडी झाली, पिढ्या गेल्या, तरी कृष्णेचे पाणी येईना. तेव्हा १९९६च्या लोकसभा निवडणुकीत जल साधना समितीच्या पुढाकाराने शेकडो लोकांनी अर्ज भरले. ४८० उमेदवार रिंगणात उतरले. मतपत्रिकेची पुस्तिका झाली, निवडणूक आयोगाला मतदान पुढे ढकलावे लागले. आयोगाला त्रास झाला हे खरे, पण जो प्रश्न आरोग्य खात्याच्या अहवालात पडून होता, तो देशाच्या पहिल्या पानावर आला. उमेदवारीची अनामत रक्कम त्याच वर्षी ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली. पाणी मात्र इतक्या झटपट आले नाही. ते टप्प्याटप्प्याने यायला आणखी बरीच वर्षे गेली.

मुंबईचा मार्ग फाइलीचा, नलगोंड्याचा मार्ग संख्येचा. दोन्हींना मर्यादा आहेत. मुंबईच्या गटावर नेहमीचा आक्षेप असा, की हे दक्षिण मुंबईतले इंग्रजीत विचार करणारे लोक. त्यांना किनारा, डोंगर आणि जुन्या इमारती दिसतात. वर आलेल्या यादीत मराठवाड्यातले एकही गाव नाही, हे खरेच आहे. पण त्यासाठी त्यांना दोष देण्यात फार अर्थ नाही. समुद्रकिनारा गेला की तो जाताना दिसतो. माथेरानचे झाड तुटले की पर्यटकाला दिसते. किनवटच्या हातपंपातले फ्लोराइड दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. जे दिसत नाही त्याची वकिली जवळच्या माणसालाच करावी लागते. डहाणूत उद्योगावर आलेल्या बंधनांबद्दल नाराज असलेले स्थानिकही आहेत. कुठल्याही दबावगटाने ‘आम्हीच जनता’ असे म्हणू नये, हा त्यातला धडा.

न्यायालयाचा रस्ता मराठवाड्याला अनोळखी नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठापुढे नांदेडसह राज्यातल्या फ्लोराइडबाधित जिल्ह्यांचा प्रश्न गेला आणि सुरक्षित पाणी पुरवण्याबाबत निर्देशही निघाले. पण निर्देश म्हणजे निदान. उपचार त्यापुढे असतो. कोणत्या गावातला कोणता हातपंप बंद केला, पर्यायी योजना चालू आहे की वीजबिल थकल्याने बंद, शुद्धीकरण यंत्रातले माध्यम शेवटचे कधी बदलले, ही विचारणा दर सहा महिन्यांनी करणारे कुणीतरी लागते. मधुमेहाच्या रुग्णाला एकदा गोळी लिहून दिली आणि पुन्हा साखर तपासलीच नाही, तर काय होते हे घराघरांत माहीत आहे. पाण्याचेही तसेच आहे.

गावोगावी आता वीस लिटरच्या जारचे पाणी विकले जाते. ज्याला परवडते त्याने आपला प्रश्न सोडवून घेतला, म्हणून त्याचा आवाज सार्वजनिक पाण्यासाठी उठत नाही. हातपंपावर उरतो तो मजूर, म्हातारा-म्हातारी आणि शाळकरी मूल. शिवाय जारवाल्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी कुठे जाते आणि जारच्या पाण्याची तपासणी कोण करते, हेही कुणी विचारत नाही. आरोग्याचा प्रश्न बाजारात सुटतो असे वाटू लागले, की दबाव विझतो.

मग नांदेड-लातूरसाठी काय हवे? नवा पक्ष नको, नवी सेना नको. माफक आकाराची, नोंदणीकृत, पाण्याची आणि हवेची गुणवत्ता हाच विषय धरून बसणारी एक संस्था हवी. तिच्या हाताशी लागणारे बरेचसे साहित्य सरकारकडे आधीच आहे. १९७२च्या दुष्काळात स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाण्याचे नमुने तपासते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांत मुलांचे दात बघतात. सरकारी रुग्णालयांत सांधे आखडलेल्या रुग्णांची क्ष-किरण चित्रे निघतात. राष्ट्रीय फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रम २००८-०९पासून आहे. या चार वह्या चार कार्यालयांत आहेत. त्या शेजारी-शेजारी ठेवून ‘या गावातल्या पाण्यात इतके फ्लोराइड, शाळेत इतक्या मुलांच्या दातांवर डाग, इतके रुग्ण’ असे एक पान तयार करणे, हे अशा संस्थेचे पहिले काम. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२चा, केंद्राचा २००५चा. रुग्णांची नावे गुप्त ठेवून गावनिहाय आकडे मागता येतात. असे पान टेबलावर असेल तर जिल्हाधिकाऱ्यालाही निधी मागणे सोपे जाते. दबाव प्रत्येक वेळी अधिकाऱ्याच्या विरोधातच असतो असे नाही. चांगल्या अधिकाऱ्याला तो आधारही असतो.

दुसरे काम जनसुनावणीचे. साखर कारखान्याची आसवनी असो वा अन्य मोठा प्रकल्प, २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार बहुतांश ठिकाणी लोकांसमोर सुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते. मंडप भरतो, भाषणे होतात, चहा होतो. पण इतिवृत्तात उतरते ते लेखी दिलेले. मळीच्या पाण्याची विल्हेवाट, जवळच्या विहिरींची आधीची तपासणी, नंतरची तपासणी कोण करणार, हे चार ओळींत लिहून पोच घेणारा एक माणूस शंभर भाषणांना भारी पडतो.

अशी संस्था उभी राहिली तर तिलाही प्रश्न विचारायला हवेत. भारतात लॉबी करणाऱ्यांची नोंदणी करणारा वेगळा कायदा नाही. पण न्यास किंवा संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद असते, हिशेब द्यावे लागतात, परदेशी देणगीसाठी वेगळी परवानगी लागते. पैसा कुणाचा, विश्वस्त कोण, निर्णय कोण घेते आणि ज्याच्या विरुद्ध बोलायचे त्याच्याकडूनच देणगी येते का, हे वाचकाने बेधडक विचारावे. औषध कंपनीच्या खर्चाने सहलीला गेलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीकडे ज्या संशयाने पाहायचे, त्याच संशयाने कारखान्याच्या देणगीवर चालणाऱ्या पर्यावरणवाद्याकडे पाहावे.

आणि डॉक्टरांनी? बाह्यरुग्ण विभागात ‘अंगदुखी’ असा शेरा मारण्याआधी रुग्णाला गाव आणि पाण्याचा स्रोत विचारावा, हनुवटी छातीला टेकवून दाखवायला सांगावे, तोंड उघडून दात पाहावेत आणि जे दिसेल ते वहीत लिहावे. त्याला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या दिवशी ती दोन मिनिटेही जड असतात, हे मान्य. पण वहीतल्या त्या ओळीशिवाय मंत्रालयात दाखवायला काही नसते. डहाणूला नकाशा होता, नलगोंड्याकडे ४८० नावे होती. किनवटच्या मुलाकडे दातांवरचा डाग आहे. तो कुणीतरी मोजून, लिहून, तारीख घालून पुढे न्यायचा आहे.